हाक माझीच हवी

सकाळी आठ ते दुपारी दीड, असे साडेपाच तास आमचं सगळं युनिट एक आवाज शोधत होतं.

लोधीखेड्याजवळच्या एका संत्र्याच्या बगीच्यात शूटिंग होतं. आमचे ध्वनिमुद्रक सातपुते काका, वय साठीच्या पुढे, बोलणं कमी आणि चिडणं जास्त, कानाला हेडफोन लावून बसलेले. शॉट सुरू झाला की त्यांचा हात वर. कुठून तरी घूं असा बारीक आवाज येतोय म्हणे. पहिल्यांदा शेजारच्या वावरातली मोटार बंद करवली. मग जनरेटर आणखी दोन धुरे, म्हणजे शेतांचे बांध, पलीकडे नेला. एकाला विजेची डीपी बघायला पिटाळलं, दुसऱ्याला मधमाश्यांचं पोळं शोधायला झाडांखाली. मेकअपच्या गाडीतला छोटा फ्रीजसुद्धा बंद झाला आणि सगळ्यांना गरम ताक प्यावं लागलं. मी एका पेटीवर बसून ही धावपळ बघत होते आणि मनातून खूश होते. आवाजाच्या भानगडीत बहिऱ्या बाईला कोण धरणार?

दीड वाजता माझी धाकटी बहीण निशा पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळ आली. ती सेटवर माझी दुभाषी असते. लोक बोलतात ते मला हातांनी सांगते आणि मी हातांनी बोलते ते लोकांना तोंडानं. मी पुढच्या शॉटची तयारी म्हणून टोपल्यातली संत्री निवडत होते. निशा जागीच थांबली. माझ्या गळ्यावर तळहात ठेवून तिनं डोळे मिटले आणि मग खुणेनं सांगितलं, "ताई, ते तूच आहेस."

मन लावून काम करताना मी गळ्यातून घूं करते. बेचाळिसाव्या वर्षी मला हे कळलं. घरच्यांना इतकी सवय झालेली, की त्यांना ते ऐकूच येत नव्हतं. नागपूरच्या ज्या शाळेत मी दहावीपर्यंत शिकले, तिथे सगळीच मुलं बहिरी, त्यामुळे तिथे शेजारी बसून कोणी भोंगा वाजवला असता तरी तक्रार आली नसती. निशानं लगेच आईला फोन लावला. आई म्हणाली, लहानपणापासूनच करते की, मला वाटलं तिला माहीत आहे.

सातपुते काका तरातरा माझ्याकडे आले. मला वाटलं, आता माझी खैर नाही. त्यांनी हेडफोन गळ्यात ओढला, माझ्याकडे, टोपल्याकडे पाहिलं आणि निशाला विचारलं, घरी संत्री निवडतानाही ह्या असंच करतात का? हो म्हटल्यावर म्हणाले, मग शेवंताही करणार, राहू दे. शेवंता म्हणजे सिनेमातली मी. मोटार पुन्हा सुरू झाली नाही, पण फ्रीज सुरू झाला.

माझ्याबद्दल दोन ओळी सांगायला हव्यात. माझं नाव वंदना. घर सौंसरला. बाबा नगरपालिकेत वॉलमन होते. कोणत्या मोहल्ल्यात किती वाजता नळ येणार, हे त्यांच्या हातात असायचं. आई संत्र्याच्या बगीच्यांत कामाला जायची. मी जन्मापासून बहिरी. बावीस वर्षं नटीचं काम करते आहे. मालिका केल्या, मराठी सिनेमे केले, तीन हिंदी सिनेमांत दिसले. त्यांतल्या एकात तर दिसले म्हणायलाही धीर लागतो. वर्तमानपत्रं मला 'मूकबधिर अभिनेत्री' म्हणतात. त्यातलं बधिर खरं आहे. मूक कोणी ठरवलं, त्या माणसाला मी शोधते आहे.

लोक मला नेहमी विचारतात, तुम्हाला 'ॲक्शन' कसं कळतं? त्याचं उत्तर आहे तंगूस. मासे धरायचा तो पारदर्शक नायलॉनचा दोरा. त्याचं एक टोक साडीच्या आत माझ्या घोट्याला बांधतात आणि दुसरं कॅमेऱ्यामागे बसलेल्या साहाय्यकाच्या हातात. एक झटका म्हणजे सुरू, दोन झटके म्हणजे थांब. कॅमेऱ्याला दोरा दिसत नाही आणि मला वाट पाहत कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. ही युक्ती माझी आहे, आता इतरही कलाकार वापरतात, याचा मला अभिमान आहे. एका मालिकेत मात्र एक बकरी त्या दोऱ्यात अडकली. मी झटका मिळाल्याबरोबर रडायला सुरुवात केली. मोठा रडण्याचा सीन होता, मी जीव ओतला. डोळे पुसून बघते तर लाइटवाला अजून शिडीवरच होता आणि सगळे मला काय झालं म्हणून घाबरून उभे होते. तसं रडणं मला त्या दिवशी पुन्हा जमलं नाही.

दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही, तो मीच सांगते. पडद्यावर माझ्या तोंडून जो आवाज येतो, तो कोणाचा?

पहिली सोळा-सतरा वर्षं तो माझा नव्हता. माझ्या पहिल्या मालिकेत मी एका ठिकाणी खळखळून हसते. ती लागली तेव्हा शेजारच्या काकू घरी येऊन म्हणाल्या, किती गोड हसली गं आमची वंदना. मी हात जोडले. पुढे निशाच्या लक्षात आलं, की ते हसू दुसऱ्याच बाईचं आहे. मुंबईत डबिंगवाल्या बाईनं माझ्या ओठांवर तिचं हसू बसवलं होतं. मला कोणी विचारलंही नव्हतं. आणि मी काय केलं? त्या लोकांना फोनवर धन्यवादाचा निरोप पाठवला. वाटलं, बरं झालं, झाकलं गेलं. आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

पाच वर्षांपूर्वी शेवंताचा सिनेमा माझ्याकडे आला आणि मी अडून बसले. दिग्दर्शक मंदार, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यानं गोष्ट सांगितली. शेवंता बहिरी आहे, संत्री निवडण्याच्या कामावर जाते, मुलगा राजू सात वर्षांचा. एक दिवस राजू नदीपलीकडे खेळायला जातो, वर कुठे तरी पाऊस झालेला असतो आणि पाणी चढायला लागतं. राजूची पाठ नदीकडे. शेवंता या काठावरून त्याला हाक मारते. सगळा सिनेमा त्या एका हाकेवर उभा आहे, मंदार म्हणाला. मी तिथेच अट घातली, की त्या हाकेसह शेवंताचा प्रत्येक आवाज माझाच असेल. त्यानं आनंदानं मान डोलावली. नवीन होता.

हाकेचा सीन पांढुर्ण्याला जाम नदीवर झाला. मी हाक मारली, मंदार नाचला, कॅमेरामन डोळे पुसत होता. नाराज फक्त सातपुते काका. सावरगावच्या बाजूला वरात निघाली होती आणि माझ्या हाकेच्या बरोबर मध्ये डीजे वाजला होता. दुसऱ्या टेकला उजेड गेला. म्हणजे चित्र मिळालं, आवाज वाया गेला. असं झालं की तो आवाज नंतर स्टुडिओत पुन्हा भरतात, त्यालाच डबिंग म्हणतात. सगळ्या सिनेमांत होतं, त्यात विशेष काही नाही.

विशेष पुढे झालं. निर्मात्यांनी परस्पर एका डबिंग आर्टिस्टकडून हाक भरून घेतली. बाई कसलेल्या होत्या. बहिरी बाई कशी ओरडेल, याचा त्यांनी म्हणे अभ्यास केला होता. निर्माते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी मला आणि निशाला समोर बसवून सांगितलं, की आमच्या ऑफिसात दोन्ही आवाज लावून बघितले, डीजेमधून जेवढा ऐकू येतो तेवढा तुमचाही. तुमच्या आवाजाला दोन जण हसले. सगळा सिनेमा ज्या क्षणावर उभा आहे, तिथे थेटर हसलं तर आपण सगळे बुडालो. निशा हे सांगताना तिचे हात अडखळत होते. मी तिला म्हटलं, पूर्ण सांग.

ते खोटं बोलत नव्हते. माझ्या आवाजाला लोक हसतात, हे मी लोकांच्या चेहऱ्यावर लहानपणापासून वाचत आले आहे. पण एवढं मला स्पष्ट दिसत होतं, की ही हाक गेली तर मी पुन्हा त्या उसन्या हसण्यापाशी येणार आणि या वेळी नकळत नाही, समजून उमजून. मी म्हटलं, मला एकदा माझी हाक भरू द्या. वापरण्यासारखी नसेल तर त्या बाईंची ठेवा, मी तक्रार करणार नाही. त्यांनी आठ दिवस दिले.

डबिंगची खोली म्हणजे चारी बाजूंनी गादी लावलेली कोठडी. समोर पडद्यावर तुमचाच सीन पुन्हा पुन्हा फिरतो. कानात तीनदा टिक वाजते, चौथ्या टिकेच्या जागी तुम्ही बोलायचं. मला टिक ऐकू येणार नाही, म्हणून काकांनी पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकणारी एक पांढरी रेघ टाकली. रेघ काठाला लागली की हाक. मी दिवसभरात चाळीसेक वेळा हाक मारली. काचेपलीकडे काका मान हलवत राहिले. संध्याकाळी मी निशाला म्हटलं, खरं सांग. तिनं सांगितलं, "ताई, कोणाले चहाले बोलावल्यासारखं वाटते."

रागानं मी तिच्याशी दोन तास बोलले नाही. पण खरं होतं. त्या खोलीत मला गप्प कर म्हणणारं कोणी नव्हतं, तरी माझा गळा आपोआप आवळला जात होता. याचं मूळ आमच्या घरात होतं. मी बसमध्ये, लग्नात, दुकानात काही बोलायला तोंड उघडलं, की आई दोन बोटांनी स्वतःचा गळा चिमटीत धरायची. आमच्या घरची खूण होती ती. आवाज बंद. आई काही दुष्ट नव्हती. लोक वळून बघायचे, पोरं नक्कल करायची, आणि ते तिला सहन व्हायचं नाही. हीच आई मला सुट्टीत मोहगावकडच्या बगीच्यात सोबत न्यायची. तिथे वानरं संत्र्याची नासधूस करत, आणि त्यांना हाकलायचं काम माझ्याकडे होतं. तिथे मी पोटातून ओरडायचे. मालक म्हणायचे, या पोरीच्या धाकानं वानरांनी शीव बदलली. आवाज तोच, पण बगीच्यात त्याची शाबासकी आणि बसमध्ये चिमटी.

हे मी काकांना लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचलं आणि म्हणाले, मग माइकला बाहेर काढू. स्टुडिओबाहेर, कॅमेऱ्याशिवाय नुसता आवाज भरून आणायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे. निर्मात्यांना त्यांनी विचारलंच नाही. तीन दिवसांनी ते एक पिशवी, दोन माइक आणि घडीची छत्री घेऊन पांढुर्ण्याच्या स्टेशनवर उतरले. त्यांना घ्यायला मी आणि निशा सौंसरहून निघालो, तेव्हा आईनं चप्पल घातली. "मलेबी न्या," म्हणाली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटताच आम्ही जाम नदीवर पोचलो. ना वरात, ना गाड्या. एक माइक काकांनी माझ्याजवळ ठेवला, दुसरा पलीकडच्या सावरगावच्या काठावर, आणि त्याच्याशेजारी निशा आणि आई. निशा तिथून खुणेनं कळवणार, हाक कशी पोचली ते. ऐकणाऱ्या लोकांना नदीच्या दोन काठांवरून बोलायचं म्हणजे घसा फोडावा लागतो. आम्ही बहिणी आरामात गप्पा मारत होतो. काकांनी ते बघून मला लिहून दाखवलं, माझं अर्धं आयुष्य चुकीच्या धंद्यात गेलं.

पहिली हाक मारली. निशाचे हात हलले: अर्धीच आली. दुसरी मारली. तिनं तोंड वाकडं केलं: चहा. मी खाली बसले. समोर तेच पाणी, तेच दगड, जिथे शूटिंगच्या दिवशी हाक निघाली होती. त्या दिवशी मी शेवंता होते, आज परीक्षेला बसलेली वंदना होते. उद्या रात्रीच्या गाडीनं काका परत जाणार होते आणि परवा निर्मात्यांचे आठ दिवस संपत होते. मला रडू यायला लागलं, आणि या वेळी दोऱ्यात बकरी नव्हती.

वर पाहिलं तर पलीकडे आई निशाला मागे सारून पुढे येत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून ती सरळ पाण्यात शिरली, पोटऱ्या भिजेपर्यंत. तिथे उभी राहून तिनं गळ्याला दोन बोटांची चिमटी लावली. तीच जुनी खूण. मग तिनं ती चिमटी सोडली, बोटं फाकवली आणि दोन्ही हात लांब फेकून दिले, जेवढे जातील तेवढे. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. ही खूण आमच्या घरात नव्हती. तरी तिचा अर्थ मला कोणी सांगावा लागला नाही.

मी हाक मारली. राजूचं नाव माझ्या तोंडून नीट येत नाही, आऽऽ ऊऽऽ एवढंच येतं, ते आलं. आवाज मला ऐकू येत नाही, पण तो निघताना अंगात कळतो. या वेळी तो बरगड्यांतून, दातांतून आणि टाचांखालच्या दगडातून कळला. पलीकडच्या काठावरचे बगळे एकदम उडाले. धुणं घेऊन आलेल्या दोन बायका वळल्या. काकांनी हेडफोन कानावरून उपटून काढला आणि कान चोळत हसायला लागले. निशा उड्या मारत एकच खूण करत होती: पोचली, पोचली, पोचली.

आई पाण्यातून निघून एका दगडावर बसली. आम्ही पूल ओलांडून तिच्यापर्यंत गेलो, तेव्हा ती निशाशी बोलत होती, आणि तिनं निशाला सांगितलं की हे हिला सांग, एक शब्द गाळू नको.

"तुहा आवाज म्याच दाबून ठेवला पोरी. लोकं हसतीन म्हून. एवढा मोठा आवाज."

मी तिला म्हटलं, त्याला वानरं भ्यायची ते ठीक, तू कशाला भ्यालीस? ती हसली आणि रडलीही. आम्ही तिघी तिथेच बसलो. काका छत्री उघडून पाठ करून उभे राहिले, ऊन नव्हतं तरी.

चार दिवसांनी निर्मात्यांचा संदेश आला. दोन शब्द होते: तुमचीच ठेवतो. शेवटी गोडीचं वाक्य वगैरे काही नव्हतं. भीती त्यांना अजूनही होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. हाक पोचणं वेगळं आणि थेटरनं न हसणं वेगळं. दोन-तीन शहरांत सिनेमा लागला, बरं लिहून आलं, बक्षीसही मिळालं. पण शहरातली माणसं सभ्यपणानंही गप्प बसतात. मला आमची माणसं बघायची होती. ती हसू आलं तर हसतात.

पांढुर्ण्याला एका सभागृहात पडदा लावून खेळ ठेवला. खुर्च्या भरल्या, मागे माणसं उभी. संत्र्यांच्या तोडीचे दिवस होते, बगीच्यांतून लोक थेट आले होते. मी पहिल्या रांगेत बसले, पण उलटी. पडद्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड. सिनेमा मी पाहिलेला होता. मला लोक बघायचे होते. पडद्याचा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर पडत होता, कधी निळा, कधी पिवळा. कुठे हसायचं तिथे ते हसले. एक-दोन ठिकाणी नको तिथेही हसले.

निशानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. म्हणजे आता हाक.

समोरचे चेहरे हलले नाहीत. एकही ओठ वर गेला नाही. मग तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा माणूस, डोक्याला दुपट्टा बांधलेला, मी कधी न पाहिलेला, खुर्चीवरून अर्धा उठला. त्याची मान पडद्याकडे ताणलेली होती आणि तोंड गोल झालं होतं. आजूबाजूचे त्याच्याकडे बघायला लागले. शेजारच्या बाईनं त्याचा सदरा ओढला, तसा तो ओशाळून खाली बसला.

काय म्हणाले ते, मी निशाला विचारलं. तिनं आधी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं सांगितलं, "ओ म्हणाले, ताई. त्यांनी ओ दिली."

मी खुर्ची फिरवली, आणि उरलेला सिनेमा पडद्याकडे तोंड करून पाहिला.